दुसऱ्या वेचणीची सुट्टी

जालन्यात मी ज्या शाळेत शिकवते, तिच्याकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी बाभळी आहेत. दसरा झाला की त्या पांढऱ्या होऊ लागतात. नवख्या माणसाला वाटावं, बाभळीला अवेळी फुलोरा आला. पण तो कापूस असतो. खेड्यांतून जिनिंगकडे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याकडे, निघालेल्या गाड्या काठोकाठ भरलेल्या असतात. कडेच्या फांद्या त्यातला चिमूट चिमूट ओढून घेतात आणि काट्यांवर मिरवतात. मी रोज त्यांच्याखालून जाते. वीस वर्षं झाली, मुलांच्या परीक्षा घेते आहे, पेपर तपासते आहे. तरी बाभळीवर पहिला कापूस दिसला की मीच परीक्षार्थी होते. आपला एखादा पेपर राहिलाय आणि कुठल्यातरी शेतात आपली वाट बघताहेत, असं दिवसभर वाटत राहतं.

यंदा बाभळी पांढऱ्या व्हायला लागल्या त्याच आठवड्यात शुभाचा पुण्याहून फोन आला. शुभा माझी मुलगी. ती जिथं शिकते तिथं वर्षाचे चार भाग पाडलेत. तीन भाग वर्गात, चौथा कुठंतरी काम शिकण्यात. दहा आठवडे शिकायचं, अकराव्यात परीक्षा, आणि श्वास घेईपर्यंत पुढचं सत्र दारात उभं.

"आई, या वेळी परीक्षेनंतर सहाच दिवस मिळतायत," ती म्हणाली. "त्यातले दोन प्रवासात जातील. येऊ का नको? चार दिवसांत काय होतं?"

मी म्हटलं, विचार करून सांगते. फोन ठेवला आणि विचार भलतीकडेच गेला, कपाशीच्या एका शेतात.

मी कॉलेजात गेले त्याच वर्षी जालना जिल्हा झाला. माझा जिल्हा आणि मी एकदमच नवे. आमचं गाव हसनाबादच्या पुढं, डांबरी रस्ता संपल्यावर दोन कोस. गावातून कॉलेजला गेलेली मी पहिली मुलगी, आणि आमच्या घरातलं तर पहिलंच माणूस. आबा, म्हणजे माझे वडील, चौथीपर्यंत शिकलेले. माय शाळेच्या ओट्यावर कधी चढली नव्हती. कॉलेज काय असतं हे सांगणारं घरात कुणी नव्हतं, त्यामुळं जे ठाऊक होतं त्याच्याच मापानं मी कॉलेज मोजलं. आणि मला दोनच परीक्षा ठाऊक होत्या: सहामाही आणि वार्षिक.

गावच्या शाळेतली सहामाही म्हणजे दिवाळीच्या सुट्टीकडे जाणारी पायवाट. ती दिली काय, न दिली काय. अर्धा वर्ग तेव्हा शेतातच असायचा. गुरुजीही हजेरीचं पान उघडून बाहेर बघायचे आणि म्हणायचे, "वेचणीला गेले असतील." तो शेरा नव्हता, ती रीतसर रजा होती. खरी परीक्षा एकच, वार्षिक, आणि ती यायची चैत्राच्या तोंडाशी, जेव्हा ज्वारी खळ्यातून घरात आलेली असायची आणि हातांना काम नसायचं. शाळेचं आणि शेताचं असं कुणी न ठरवता जमलेलं होतं.

कॉलेजात पहिल्या दिवशी सरांनी सांगितलं की, तुमच्या वर्गापासून सत्र पद्धत लागू झाली आहे. वर्षाला दोन सत्रं, दोन परीक्षा. मी वहीत लिहून घेतलं, आणि मनात म्हटलं, म्हणजे सहामाही आणि वार्षिक. त्यात नवं काय?

या एका समजुतीवर मी चार महिने निवांत होते.

होस्टेलच्या खोलीत माझ्यासोबत अंबडची नसीम होती. ती शेवटच्या वर्षाला. तिचा वर्ग जुन्या वार्षिक पद्धतीतला. जून ते डिसेंबर ती कॉलेजच्या ग्रंथालयातली कपाटं एकेक करून रिकामी करायची. उर्दू, मराठी, हाती येईल ते. पलंगावर पालथी पडून, पाय हवेत हलवत वाचणारी नसीम आणि टेबलाशी प्रयोगवही पुरी करणारी मी, असं आमच्या खोलीचं चित्र होतं.

"बघ सुमन," ती म्हणायची, "आमचा इम्तिहान म्हणजे दमची बिर्याणी. झाकण लावायचं, आच मंद ठेवायची आणि बिलकुल उघडायचं न्हाई. साल के आखिर में एकदाच खुशबू. तुमचं म्हणजे तव्यावरची रोटी. पलटव, पलटव, नजर हटली की जळली."

"पण भूक लागली तर रोटी लवकर मिळते ना?" मी म्हणायचे.

"मिळते. पण पाहुण्यांना रोटी दाखवायला कुणी बोलवत न्हाई," आणि ती पुन्हा पुस्तकात.

त्या उन्हाळ्यात विहिरीच्या पायरीवरून माय घसरली होती. उजवा खांदा मोडला. बसला बरा, पण हात खांद्याच्या वर जाईना आणि भरलेली ओटी पेलवेना. कपाशीच्या वेचणीत ओटी हाच बाईचा खिसा. कमरेला बांधलेल्या त्या झोळीत दोन्ही हातांनी कापूस टाकत आपल्या पातीतून, म्हणजे वाट्याच्या ओळीतून, पुढं सरकायचं असतं. म्हणून घटस्थापनेला मी गावी गेले तेव्हा मायनं विचारलं, "दिवाळीची सुट्टी किती हाय तुला?"

"महिनाभर असंल," मी म्हटलं. विचारलं नव्हतं कुणाला. शाळेत असायची तेवढीच असेल, असं धरून चालले होते.

"मंग यंदा सावडीत आपल्या घरचं नाव तुझं देते."

सावड म्हणजे चार घरच्या बायांची एकी. आज हिच्या शेतात, उद्या तिच्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. हातांच्या बदल्यात हात. आमच्या भागात घटाच्या दिवशी सावड बांधत. चौघी एका ओट्यावर बसायच्या आणि कुणाच्या घरून कोण येणार ते तोंडानं सांगायच्या. कागद नाही, पण त्या दिवशी सांगितलेलं नाव मागं घेतल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. एक घर आलं नाही की सावड मोडली, आणि मोडलेल्या घरच्या शेतात मग दुसरं कुणी येत नाही. पांढरं झालेलं शेत तसंच उभं राहतं. कार्तिकात एखादं आभाळ आलं की झाडावरच कापूस भिजतो, पिवळा पडतो.

आमच्या सावडीच्या पुढारीण काशीकाकू. शेजारच्या घरच्या, उंच, काटक, बोलायला तिखट. मायनं माझं नाव घेतलं तेव्हा त्या माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघत म्हणाल्या, "हिला? कालेजात कंबर वाकवायचं शिकवून राह्यले का?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. नाव ठरलं.

दसरा करून परत आले आणि दुसऱ्याच दिवशी फलकावर वेळापत्रक लागलं. प्रात्यक्षिकं दिवाळीच्या आधी. लेखी पेपर भाऊबीजेनंतर लगेच, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत. मी ते वाचलं आणि खोलीवर येऊन नसीमला सहज म्हणाले, "पहिली वेचणी नेमकी यातच येते. मी काही देत नाही ही परीक्षा. सहामाही तर आहे. वार्षिकला बघू."

नसीमनं पुस्तक मिटलं. पाय खाली घेतले. तिला असं नीट बसलेलं मी क्वचितच पाहिलं होतं.

"सुमन, ही सहामाही न्हाई. वार्षिक नावाची चीजच न्हाई तुला. हे आधं साल आहे. यात जे शिकलीस ते पुन्हा विचारणार न्हाईत, आणि यातले मार्क डिग्रीत बराबर लागणार. सगळेच्या सगळे पेपर सोडलेस तर पुढच्या सत्रात बसूच देणार न्हाईत. घरी पाठवतील."

घरी. त्या शब्दामागं काय होतं ते मला ठाऊक होतं. मला कॉलेजला पाठवताना आबांनी भावकीपुढं एक बोल दिला होता: पोरगी जेवढं पास होईल तेवढं शिकवीन, नापास होऊन घरी बसली तर बसली. भावकीतले काहीजण त्या बसण्याचीच वाट बघत होते. माझ्यासाठी स्थळ तर केव्हाच बघून ठेवलेलं होतं.

त्या शनिवारी मी घरी निघाले. राजूरला गाडी बदलावी लागे. चतुर्थी होती, गणपतीला आलेल्या माणसांनी थांबा भरून गेला होता. नारळाच्या शेंड्या, हळदीकुंकवाची पुडी, पेढ्यांचा वास. माझ्यासारख्या कॉलेजच्या दोन पोरी पेपर सोपा जाऊ दे म्हणून दर्शनाला निघाल्या होत्या. मी मात्र देवाला काय मागावं हेच ठरवू शकत नव्हते. पेपर पुढं ढकल म्हणू, का कापूस उशिरा फुटू दे म्हणू?

घरी सांगितलं. माय चुलीपुढं होती. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"म्या चार जणींत तुझं नाव दिलं," एवढंच ती म्हणाली.

"मी नाही देत परीक्षा," मी म्हटलं. "राहू दे."

आबा दारात बसून दोर वळत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "वर्षाला दोन परीक्षा म्हंजे, एक खरिपाची अन् एक रब्बीची. असंच ना?"

"हो."

"मंग खरीप पेरलाच न्हाई तर रब्बीच्या भरवशावर घर चालतं का? परीक्षा बुडवायची न्हाई. अन् सावडबी मोडायची न्हाई. तिसरं काय असंल ते त्या काशीला जाऊन इचार. मला इचारू नको, मला वेचणीतलं काय कळत न्हाई."

हे खरं होतं. वेचणी हे बायांचं राज्य. त्यात आबा काय, गावचा पाटीलही बोलत नसे.

दुसऱ्या दिवशी माय मला घेऊन काशीकाकूंच्या शेतावर गेली. त्या कडेची बोंडं चाचपून बघत होत्या. बाकीच्या दोघीही तिथंच होत्या. मायनं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "म्या येईन हिच्या जागी. एका हातानं का व्हईना."

"तू एका हातानं वेचशील अन् तुझी पात आम्ही दोन हातांनी ओढत बसू," काशीकाकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "परीक्षा कवा संपती?"

"कार्तिकी पुनवेला."

"मंग?"

"मग सुट्टी. तीन आठवडे."

"लगेच?"

"लगेच. पुढचं सत्र मार्गशीर्षात सुरू होतं."

काशीकाकूंनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. दोनदा फिरवला. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू होतं का काय, मला तेव्हा कळलं नाही.

"बाया हो, पहिल्या वेचणीला झाडावर असतं काय? खालचीच चार बोंडं. दुसरीला बघा, झाड दिसत न्हाई पांढऱ्यापुढं. अन् ही दुसरीलाच मोकळी व्हून राह्यली. पहिल्या वेचणीत हिची पात आपण तिघी वाटून घेऊ. दुसरीत ही दोन पाती धरंल. एक तिची, एक आपली." मग मायला म्हणाल्या, "ही नवी परीक्षा कुण्यातरी कपाशीवाल्यानंच बसवली म्हन."

"दोन पाती?" मागून एक जण म्हणाली. "हिची एक पुरी झाली तरी म्या देवीला खण नेईन."

"जमल का गं?" काशीकाकूंनी विचारलं.

"जमल," मी म्हटलं.

"जल्दी बोलली. बरं हाय. आता पास व्हय. न्हाई झाली तर दोन पाती कायमच्याच."

तेव्हापासून मी कधीही कुणाच्या तोंडून वार्षिक चांगली का सत्र चांगलं हा वाद ऐकला की मला काशीकाकूंचा पेरांवरून फिरणारा अंगठा आठवतो. शिक्षणाचं वेळापत्रक बांधताना कोणती मोठी माणसं कुठल्या टेबलाशी बसतात मला माहीत नाही. पण ते वेळापत्रक माणसाच्या दिवसांवर कसं बसवायचं, कुठं सैल करायचं, कुठं टाका घालायचा, हे मी एका निरक्षर बाईला कपाशीच्या बांधावर उभ्या उभ्या करताना पाहिलं आहे.

दिवाळीला होस्टेल रिकामं झालं. नसीमही अंबडला गेली. जाताना तिचं गजराचं घड्याळ माझ्या उशाशी ठेवून गेली, वर चिठ्ठी: "रोटी पलटव." त्याआधी, वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला, माझ्यापुढं एक फूल आलं होतं. फिकट पिवळं, मोठ्या पाकळ्यांचं. मी हसूच दाबलं. ते कपाशीचं होतं. पुस्तकात होतं ते सगळं लिहिलं आणि खाली आणखी एक ओळ टाकली: हे फूल पहिल्या दिवशी पिवळट असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी ती ओळ वाचून विचारलं, "हे कुठल्या पुस्तकात मिळालं?"

"घरचं आहे, सर," मी म्हटलं.

ते म्हणाले, "मग बरोबरच असणार." त्या तीन शब्दांनी माझं गाव पहिल्यांदा कॉलेजच्या आत आलं, असं मला वाटलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, पहिला पेपर देऊन आले तर होस्टेलच्या बाईंनी डबा दिला. मायनं तो आमच्याकडे येणाऱ्या एस.टी.च्या वाहकाजवळ दिला होता, त्यानं जालन्याच्या स्टँडवर उतरवून कुणाच्या तरी हातून पोचवला. असे डबे तेव्हा रोज यायचे. आत चिवडा, करंज्या, आणि सगळ्यात खाली फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. चिठ्ठी असणं शक्य नव्हतं; मायला लिहिता येत नव्हतं. फडकं सोडलं. आत एक उमललेलं बोंड होतं, चार पाकळ्यांतून ओसंडलेला कापूस, देठासकट.

मला सगळं वाचता आलं. आपल्या शेतातली पहिली वेचणी झाली. सावड मोडली नाही. तू तुझं कर.

ते बोंड मी कंपासपेटीत ठेवलं. पौर्णिमेला शेवटचा पेपर झाला आणि त्याच दिवशी मी गाडीत बसले.

दुसऱ्या वेचणीचं शेत ज्यानं पाहिलं नाही त्याला ते सांगणं कठीण आहे. सकाळी दव सुकेपर्यंत थांबायचं. ओला कापूस वेचायचा नसतो. ऊन वर आलं की शेत डोळ्यांवर येतं. वाळल्या बोंडांची टोकं बोटांना टोचतात, नखांच्या कडा फाटतात. आणि कापूस मात्र हातात आला की उबदार, जणू कुणीतरी आताच खाली ठेवलेलं पाखरू. मी मधल्या दोन पाती धरल्या, एक माझ्या घरची आणि एक सावडीची. माझ्या एका हाताला काशीकाकू, दुसऱ्या हाताला बाकीच्या दोघी. माय बांधावर बसून ओट्या रिकाम्या करून घ्यायची.

पहिल्या दिवशी तासाभरात माझी कंबर गेली. पण नवल असं की मी मागं पडत नव्हते. दोन पाती धरूनही मी त्यांच्या बरोबरीनंच पुढं सरकत होते. मला माझाच अभिमान वाटायला लागला. काशीकाकू अधूनमधून टोमणा मारायच्या, "बी.एस्सी.वाली लई जोरात हाय गं!" आणि मी आणखी हात चालवायचे.

तिसऱ्या दिवशी पाणी प्यायला बांधाकडं परतताना मी सहज मागं वळून माझ्या पातीतल्या झाडांकडं पाहिलं. मग पुढच्या, अजून न वेचलेल्या झाडांकडं. काशीकाकूंच्या बाजूच्या प्रत्येक झाडाची त्यांच्याकडची बोंडं आधीच मोकळी होती. दुसऱ्या बाजूलाही तेच. त्या तिघी माझ्या पुढं दोन पावलं राहून, बोलता बोलता, हात जरासा आत घालून माझी अर्धी झाडं रिकामी करत चालल्या होत्या. तीन दिवस. मी दोन पाती धरल्या होत्या खऱ्या, पण वेचत एकच होते.

मी काशीकाकूंकडं पाहिलं. त्यांनी ओटी सावरली आणि म्हणाल्या, "काय बघून राह्यली? पाणी पे अन् ये. पात मागं पडंल."

मी पाणी प्याले आणि माझ्या पातीत परत आले. आज इतक्या वर्षांनीही, कुणाचे आभार मानायची वेळ आली की मी तिथंच उभी असते, त्या बांधावर.

त्याच सुट्टीतली आणखी एक गोष्ट. विहिरीजवळ आमची मोसंबीची दहा-बारा झाडं होती. मी गेले तेव्हा त्यांची पानं मलूल, बुडाची माती भेगाळलेली. विहिरीला तर पाणी होतं. आबांना विचारलं तर म्हणाले, "ताण दिलाय. आता महिनाभर पाणी तोडलं म्हंजे बहर येतो. सारखं पाजत राह्यलं तर नुसता पाला वाढतो, फूल न्हाई." मग माझ्याकडं बघून हसले. "तुझ्या कालेजानं तुलाबी आत्ताच ताण दिलाय का?"

मी म्हटलं, "इथं ताण कुठंय? कंबर मोडून राह्यली."

"तेच म्हनतो. डोस्क्याला ताण, कंबरेला पाणी."

निकाल लागला. मी सगळ्या विषयांत पास होते. वनस्पतिशास्त्रात वर्गात दुसरी. भावकीला आबांनी काही सांगितलं नाही. फक्त पुढच्या सत्राला मला पोचवायला ते स्वतः राजूरपर्यंत आले, डोक्याला नवा पटका बांधून.

नसीमचं मात्र त्या वर्षी वेगळंच झालं. मार्चमध्ये तिची बिर्याणी दमावर असतानाच तिला कावीळ झाली. दोन पेपर दिले, तिसऱ्याला उठवेना. वार्षिक पद्धतीत त्या एका आजारानं वर्ष नेलं. अंबडहून तिचे अब्बा न्यायला आले. ट्रंक बांधताना मी रडत होते आणि ती हसत होती. "सुन," ती म्हणाली, "हंडी उलटली, पण तांदूळ संपले न्हाईत. पुढच्या साली पुन्हा चढवू." आणि तिनं चढवली. आज ती अंबडजवळच्या शाळेत शिकवते, आणि तिच्याइतकं वाचलेली बाई मी अजून पाहिलेली नाही. त्या लांब, मोकळ्या वर्षानं तिला जे दिलं ते माझ्या सहा सत्रांनी मला दिलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. वार्षिक पद्धतीत माणसाला भटकता येतं. पण एका तापानं सगळं जातं. सत्रात भटकायला जागा कमी, पण पडलं तरी अर्ध्या वर्षाच्या उंचीवरूनच पडतं, उठून पुढच्या सत्रात लंगडत का होईना चालता येतं.

आणि शुभाचं हे चार भागांचं वर्ष? मागच्या उन्हाळ्यात तिनं आबांना ते समजावलं होतं. आबा आता थकलेत, पण ऐकू स्वच्छ येतं.

"दहा आठवड्यांत पीक निघतं म्हंजे मेथी-कोथिंबीर झाली," ते म्हणाले.

"आजोबा, मेथी वाईट असते का?"

"वाईट कशी? ताजी असती, रोज बाजारात जाती. एखादा वाफा गेला तरी घर बुडत न्हाई." मग त्यांनी विचारलं, "पण ताण कवा देत्यात तुम्हाला?"

शुभा हसली आणि पुढच्या सत्राचं वेळापत्रक काढून बघू लागली. त्यात ताणाला जागा नव्हती. मला तिच्या पद्धतीचं कौतुकही वाटतं. एका वर्षात ती जितके विषय हाताळते तितके मी तीन वर्षांत नाही हाताळले. न आवडलेला विषय तिसऱ्या महिन्यात सुटतो. चौथ्या भागात ती खरं काम करून येते आणि तिच्या बोलण्यात एक धिटाई असते जी त्या वयात माझ्याकडं नव्हती. फक्त तिच्या वर्षात दुसरी वेचणी येत नाही. सुट्टी एवढी आखूड की दुसऱ्याच्या शेतात उभं राहायला, आणि आपल्या पातीतली झाडं आधीच कुणी मोकळी केलीत हे कळायला, लागतात तेवढे दिवसच तिच्याकडं नसतात. मला तर ते तिसऱ्या दिवशी कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी. हे लिहिताना आता लक्षात आलं, शुभाकडं तर चार आहेत.

पदवी मिळाली तेव्हा मी सहाही सत्रांच्या गुणपत्रिका आणि पदवीचा कागद घेऊन गावी गेले होते. माय-आबांना दाखवून झाल्यावर काशीकाकूंच्या ओट्यावर नेल्या. त्यांनी पदराला हात पुसले आणि पदवीचा मोठा कागद बाजूला सारला. "हे राहू दे. त्या वेचणीतल्या परीक्षेचा कागद कोणता?" मी पहिल्या सत्राची गुणपत्रिका पुढं केली. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं, टोकाशी चिरा पडलेलं, वेचणीनं खरखरीत झालेलं बोट. एका ओळीवर थांबून विचारलं, "हे काय?"

"वनस्पतिशास्त्र."

"म्हंजे?"

"झाडाझुडपांचं."

"हां," त्या म्हणाल्या, आणि बोट तिथंच ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

काल एवढं लिहून झालं आणि आज सकाळी बाभळीखालून शाळेत जाताना मी शुभाला फोन केला. म्हटलं, "ये. चार दिवस पुष्कळ झाले. जालन्यात एक रात्र, मग आपण गावी जाऊ."

"गावी काय आहे आता?"

"तू येशील तेव्हा दुसरी वेचणी असेल. आणि तुझ्या पहिल्या सत्राची गुणपत्रिका सोबत आण. काशीआजींना दाखवायची आहे."

"आई, त्यांना वाचता कुठं येतं?"

"नाही येत," मी म्हटलं. "पण बोट कुठं ठेवायचं ते त्यांना बरोबर कळतं."